गोव्याच्या दमट हवेत बॅट सांभाळायची कशी: विलो, ओलावा आणि किचनमधला वजनकाटा

बॅट घ्यायला गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला, ग्रेन्स, म्हणजे ब्लेडवरच्या उभ्या रेषा, किती? दुकानदार पण लगेच ब्लेडवर बोट ठेवून मोजून दाखवतो, सात, आठ, नऊ, आणि आपण खूश होऊन पैसे काढतो. लाकडात ओलावा किती आहे हे मात्र कोण विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर दुकानदाराला पण ते माहीत नसतं. चंदीगडकडच्या माणसाने नाही विचारलं तर चालून जाईल, पण आपण जिथे राहतो तिथे मिरग लागला की चपलांना बुरशी येते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, कपाटाची दारं फुगून बंद होत नाहीत, आणि त्याच कपाटाच्या मागे उभी करून ठेवलेली पंधरा-वीस हजारांची बॅट तेवढी जशीच्या तशी राहील असं आपण कशाच्या जोरावर धरून चालतो कोण जाणे. माझं मत सरळ आहे. गोव्यात खेळणाऱ्याने ग्रेन्स मोजण्यात जेवढा वेळ घालवला त्याच्या निम्मा वेळ जरी बॅटचं वजन मोजण्यात घालवला तरी त्याची बॅट दोन सीझन जास्त टिकेल आणि बॉलला मारही चांगला बसेल. हे कसं करायचं तेच पुढे लिहितोय, पण त्याआधी लाकडाचं थोडं समजून घेतलं पाहिजे, नाहीतर सगळं अंधारात तीर मारल्यासारखं होतं.

विलो म्हणजे नेमकं काय घेतोय आपण

चांगल्या बॅटी ज्या झाडाच्या होतात ते सॅलिक्स आल्बा सिरुलिया, पांढऱ्या विलोचीच एक जात. इंग्लंडमध्ये इसेक्स, सफोक या भागात ओढ्यांच्या कडेला, पाणथळ जमिनीत मुद्दाम लागवड करतात आणि पंधरा-वीस वर्षांनी तोडतात. हे लाकूड हलकं असतं, तरी चिवट असतं, बॉलचा मार बसला की चिरफाळ्या न उडता आत दबतं, म्हणून बॅटला हेच लागतं. तोडलेल्या ओल्या झाडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. मग त्याचे साधारण 28 इंचांचे ओंडके करतात, ते उभे फोडून क्लेफ्ट काढतात, आणि क्लेफ्टची दोन्ही टोकं लगेच मेणात बुडवतात. का, तर लाकडातलं पाणी टोकातून सगळ्यात फास्ट निघून जातं आणि टोक आधी वाळलं की तिथून तडा जातो. हा मुद्दा लक्षात ठेवा, टो, म्हणजे बॅटचं खालचं टोक, त्याबद्दल बोलताना परत लागणार आहे. पुढे काही महिने हवेवर आणि भट्टीत वाळवून ओलावा 10 ते 12 टक्क्यांच्या आसपास आणतात, आणि तिथून हे क्लेफ्ट मेरठ आणि जालंधरला येतात. आपल्या दुकानात "इंग्लिश विलो" म्हणून मिळणाऱ्या बॅटीतल्या बऱ्याचशा अशा, लाकूड तिथलं आणि हात इथले.

काश्मीर विलो म्हणजे अनंतनाग-पुलवामाकडचा. बिजबेहारा, संगम भागात हायवेच्या दोन्ही बाजूंना क्लेफ्टच्या थप्प्याच थप्प्या वाळत ठेवलेल्या असतात. मूळ झाडं इंग्रजांच्या काळात तिकडून आणलेली, पण माती-हवा वेगळी, त्यामुळे लाकूड थोडं जड, थोडं कडक आणि रंगाला तपकिरी. टेनिस बॉलवाल्यांसाठी काश्मीर एकदम बरोबर आहे, उगाच इंग्लिश घेऊन पैसे घालवू नयेत. लेदर बॉलवर सुरुवात करणाऱ्या पोरांनाही चालतं. पण रेग्युलर लेदरवर खेळायचं असेल तर इंग्लिशच घ्या, मग ग्रेड तीन का असेना.

ग्रेन्सचं गणित सांगतो. एक ग्रेन म्हणजे झाडाचं एक वर्ष. नियमाप्रमाणे ब्लेडची रुंदी जास्तीत जास्त 10.8 सेंटीमीटर, म्हणजे 108 मिलीमीटर. त्यात सहा ग्रेन्स असतील तर प्रत्येक 18 मिलीमीटरचा, म्हणजे झाड भराभर वाढलेलं, आणि बारा असतील तर 9 मिलीमीटरचा, म्हणजे हळू वाढलेलं. जवळजवळचे ग्रेन्स असलेली बॅट लवकर खुलते, घेतल्यापासून थोड्याच दिवसांत पिंग, म्हणजे बॉल टणकन उसळून जाणं, यायला लागतो, पण लवकर थकते पण. रुंद ग्रेन्सची बॅट खुलायला वेळ खाते, नंतर मात्र टिकते. क्लब लेव्हलला सात-आठ ग्रेन्स भरपूर झाले, बारा ग्रेन्सवाल्या बॅटीच्या मागे लागायचं काहीच कारण नाही, आंतरराष्ट्रीय प्लेअरला कंपनी नवीन देते, आपल्याला कोण देणार!

आणि ग्रेड म्हणजे काय हे पण एकदा डोक्यात फिट करून घ्या. ग्रेड मुख्यतः दिसण्यावरून ठरतो. ग्रेन्स सरळ, फेस, म्हणजे बॉल लागतो ती बाजू, पांढराशुभ्र, डाग नाही, गाठ नाही, की ग्रेड एक. एका बाजूला झाडाच्या गाभ्याचं तपकिरी लाकूड आलं, किंवा बटरफ्लाय म्हणतात तसे पंखासारखे डाग आले की ग्रेड खाली जातो आणि किंमत पण. पण बटरफ्लायमुळे बॅट कमजोर होत नाही, उलट टिकाऊ निघते असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. मी तर म्हणेन दिसायला डागाळलेली पण ग्रेन्स सरळ टो पर्यंत उतरलेली बॅट मिळाली तर डोळे मिटून घ्या. नाही घ्यायची ती अशी, जिच्यात ग्रेन्स मधेच तिरके होऊन एजमधून, म्हणजे ब्लेडच्या बाजूच्या कडेतून, बाहेर पडतात, किंवा टो जवळ मोठी गाठ आहे.

जे दिसत नाही पण सगळ्यात जास्त फरक पाडतं ते म्हणजे प्रेसिंग. विलो मुळात इतका मऊ की तसाच वापरला तर पहिल्याच ओव्हरमध्ये खड्डे पडतील, म्हणून मशीनच्या रोलरखाली दाबून वरचा थर कडक करतात. जास्त दाबला तर बॅट कडक आणि मठ्ठ, कमी दाबला तर मऊ, लवकर फुटणारी. एकाच कंपनीच्या, एकाच ग्रेडच्या, एकाच वजनाच्या दोन बॅटी वेगळ्या खेळतात ना, त्याचं कारण पुष्कळदा हेच. म्हणून दुकानात मॅलेट, म्हणजे लाकडी हातोडी, मागून घ्या, मिडलवर आणि मिडलच्या वर-खाली हलके ठोके मारा, आवाज भरीव पण टणटणीत यायला हवा आणि मॅलेट हातात उसळून परत यायला हवी. दोन-चार बॅटी शेजारी ठेवून ठोकल्या की कानाला फरक लगेच कळतो.

आता मुद्द्याचं, म्हणजे ओलावा

लाकूड मेलेलं असलं तरी हवेशी त्याचं देणंघेणं चालूच असतं. हवा दमट झाली की पाणी शोषतं, कोरडी झाली की सोडतं, उघड्यावर ठेवलेल्या पापडासारखं, फक्त फार हळू. हवेतली आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकूड शेवटी 9 टक्के ओलाव्याच्या आसपास येऊन थांबतं, 65 असेल तर 12, आणि 85 टक्के झाली की 17-18 पर्यंत जातं. आता आपल्याकडे जुलैमध्ये आर्द्रता किती असते ते मोबाईलवर बघा, 85-90 ही रोजचीच गोष्ट. बॅटवर शीट, म्हणजे फेसवर चिकटवलेला पातळ पारदर्शक थर, आहे, थोडं तेल आहे, कव्हर आहे, म्हणून ती लगेच 18 ला पोचत नाही, पण चार महिने त्याच दिशेने चालत राहते हे नक्की. आणि आपली बरीचशी घरं चिऱ्यांची, पावसात भिंती आतून घाम आल्यासारख्या ओल्या होतात, त्या भिंतीला टेकवून बॅट ठेवली तर काय होणार ते तुम्हीच बघा.

ओलावा वाढला की तीन गोष्टी होतात. एक, वजन वाढतं, आणि ते सगळं ब्लेडमध्ये, म्हणजे पिकअप बिघडतो, जी बॅट हातात पिसासारखी वाटायची ती पुलला उशिरा यायला लागते आणि आपण म्हणतो फॉर्म गेला. दोन, लाकूड मऊ पडतं, सीमचे वण खोल उठतात, एज दबते. तीन, आणि हेच मेन, लाकडाचा ताठपणा कमी होऊन ते मार जिरवायला लागतं. बॉल लागला की बॅट जी थरथरते आणि परत ताठ होते त्यातून आवाज येतो तो टणक असतो, ओल्या बॅटमध्ये तोच आवाज थप्प असा येतो, बॉल मिडललाच लागलेला असतो पण कव्हरमधून जात नाही.

उलटं पण वाईटच. ओलावा 7-8 टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड ठिसूळ होतं, सुरुवातीला मस्त पिंग देतं, हलकं वाटतं, आणि एक दिवस यॉर्करला टो चा तुकडा हातात येतो. गोव्यात कुठून एवढी कोरडी होणार असं वाटेल, पण एप्रिल-मे मध्ये बंद गाडीच्या डिकीत दिवसभर पडलेली बॅट काढून बघा, हातात धरवत नाही इतकी तापलेली असते. डिकी हे बॅट ठेवायचं ठिकाणच नाही. गरम हवेने लाकूड सुकतं आणि स्प्लाइसमधला, म्हणजे हँडल ब्लेडमध्ये बसवतात त्या जोडातला, गोंद पण कमजोर होतो, मग हँडल करकर करायला लागतं.

यावर कोणी म्हणेल मग लाकूडच कशाला. डेनिस लिलीने डिसेंबर 1979 मध्ये पर्थला इंग्लंडविरुद्ध ॲल्युमिनियमची बॅट आणून बघितली होती, वाद झाला आणि नियमात ब्लेड लाकडाचीच असली पाहिजे हे आलं. म्हणजे ही कटकट कायमची आहे, सांभाळूनच घ्यायला हवी.

वजनकाट्याची पद्धत

सुताराकडे ओलावा मोजायचं मीटर असतं, त्याच्या दोन सुया लाकडात खुपसाव्या लागतात, बॅटला भोकं कोण पाडणार. बिनसुयांचं पण मिळतं, पण एका बॅटसाठी कशाला घ्या. त्यापेक्षा किचनमधला डिजिटल वजनकाटा काढा, पाच किलोपर्यंत मोजणारा आणि एक ग्रॅमचा फरक दाखवणारा, साधा असतो तोच. त्यावर एक छोटी वाटी पालथी ठेवून आकडा शून्य करा, आणि बॅट आडवी अशी ठेवा की हँडल किंवा टो कुठेच टेकणार नाही. जो आकडा येईल तो मोबाईलमध्ये तारखेसकट लिहून ठेवा.

पहिलं वजन घ्यायचं जानेवारी-फेब्रुवारीत. त्या दिवसांत आपली हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. नवीन बॅट असेल तर घरी आणल्यावर तीन-चार आठवडे जाऊ द्या, मेरठ-जालंधरची हवा सोडून आपल्या हवेशी जुळवून घेऊ दे तिला, मग मोजा. हा झाला तुमचा पाया. त्यानंतर महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा. ग्रिप तीच असताना मोजायचं हे महत्त्वाचं, कारण एक ग्रिप 50-60 ग्रॅम भरते, दुसरी चढवली की सगळा हिशेब बदलतो. घामाने भिजलेली ग्रिप असताना मॅचवरून येऊन मोजू नका, दुसऱ्या दिवशी मोजा.

आता हिशेब. 2 पाउंड 9 औंसची बॅट म्हणजे 1160 ग्रॅमच्या आसपास. त्यातून हँडल, ग्रिप, स्टिकर वगैरे वजा केलं तर ब्लेडचं लाकूड ढोबळमानाने साडेआठशे-नऊशे ग्रॅम. ओलावा एक टक्का वाढला की त्यात साधारण 8 ग्रॅमची भर पडते. म्हणजे काट्यावर 30 ग्रॅम जास्त दिसले तर समजा ओलावा चारेक टक्क्यांनी वर गेलाय, 12 वरून 16 ला. आणि 30 ग्रॅम म्हणजे एक औंसाहून थोडं जास्तच, औंस 28 ग्रॅमचा. आपण दुकानात एका औंसासाठी दहा बॅटी उचलून बघतो आणि पावसाळ्यात तोच औंस गुपचूप येऊन बसतो.

दहा-बारा ग्रॅम इकडे तिकडे झालं तर काही करू नका, हवेचा रोजचा खेळ आहे तो. पायापेक्षा 25-30 ग्रॅम वर गेली की तिला कोरड्या जागी हलवायची, आणि 25-30 ने खाली आली की तेलाचा एक हलका हात, बस. तेल लावल्यावर वजन पाच-दहा ग्रॅमने वाढतं ते ओलाव्याचं नाही, म्हणून तेलानंतर आठवड्याभराने परत मोजून नवीन पाया लिहून ठेवायचा.

तेलाबद्दल, कारण इथेच सगळे घोळ होतात

तेल अळशीचं, म्हणजे जवसाचं, आणि तेही कच्चं. हार्डवेअरच्या दुकानात "डबल बॉइल्ड" म्हणून जे मिळतं ते रंगकामासाठी, त्यात लवकर सुकायला केमिकल घातलेलं असतं, ते नको. खायचं घाण्याचं जवसाचं तेल मिळालं तरी चालतं.

खोबरेल नको. आपल्याकडे केसांपासून कुलुपापर्यंत सगळ्याला खोबरेलच लावायची सवय, त्यामुळे बॅटला पण फासतात लोकं. अळशीचं तेल हवा लागून हळूहळू घट्ट होतं आणि लाकडाच्या वरच्या थरात पातळ पडदा धरतं, खोबरेल कधीच घट्ट होत नाही, आत मुरत राहतं, बॅट तेलकट आणि जड होते, धूळ धरते. आणखी एक शहाणपण ऐकायला मिळतं, होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात ते लाकूड कुजू देत नाही मग बॅटला का नाही. अरे, होडी पाण्यात उभी राहायला बनवलीय, तिला पिंग नको असतो, आणि ते तेल हाताला लागलं तर फोड येतात.

किती लावायचं? नवीन बॅटला शीट नसेल तर चहाचा एक चमचा तेल, जुन्या सुती फडक्याने फेस, एजेस, टो आणि पाठीला पुसल्यासारखं पातळ लावायचं, स्टिकरवर आणि स्प्लाइसवर नाही, हँडलजवळ तर अजिबात नाही, गोंद सुटतो. मग आडवी ठेवायची, फेस वर, एक रात्र ते एक दिवस. उभी ठेवली तर तेल टो मध्ये उतरतं आणि टो जड होतो. दुसऱ्या दिवशी परत एक हात, झालं. शीट लावलेली असेल तर फक्त एजेस, पाठ आणि टो. वर्षातून एकदा, आणि ते सुद्धा आपल्याकडे चवथ झाल्यावर पाऊस ओसरला की बॅट सुकवून मग, मे महिन्यात पावसाच्या तोंडावर दणकून तेल पाजून ठेवायची पद्धत चुकीची आहे. तेल आत गेलं की बाहेर येत नाही. ओलावा काढता येतो, तेल नाही.

जुन्या पिढीतले काका लोक सांगतात आम्ही दर महिन्याला तेल लावायचो, आणि ते खोटं नाही. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी 1971 मध्ये वेस्ट इंडिजमध्ये 642 रन्स काढल्या त्या काळच्या बॅटी पातळ असायच्या, वर शीट-बिट काही नसायचं, उघड्या लाकडाला तेलच काय तो आधार. आताच्या बॅटी जाड, हलक्या, शीटवाल्या, त्यांना तो डोस चालत नाही.

आणि एक धोक्याची गोष्ट, हसण्यावारी नेऊ नका, अळशीच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. पसरून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

नॉकिंग कधी

नॉकिंग, म्हणजे नवीन बॅट ठोकून खेळायला तयार करणं, कसं करायचं हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून थोडक्यात. लाकडी मॅलेट, सुरुवातीला हलके ठोके, मग जोर वाढवत, एकूण चार ते सहा तास, पण एका दिवशी नाही, रोज अर्धा-पाऊण तास करत. एजेसला 45 अंशाच्या कोनात गोल करत ठोकायचं, टो च्या खालच्या तोंडावर आणि पाठीवर कधीच नाही. नंतर जुन्या लेदर बॉलवर थ्रोडाउन. दुकानात मशीनने केलेलं नॉकिंग असलं तरी दोन तास हाताने कराच, मशीन एजपर्यंत नीट पोचत नाही.

गोव्यासाठी त्यात एकच भर, बॅट पावसाळ्यात घेतली तर लगेच ठोकू नका. ओलं लाकूड ठोकलं की ते जरुरीपेक्षा जास्त दबतं, वरचा थर पिचतो, आणि पुढे नोव्हेंबर-डिसेंबरात सुकल्यावर तिथेच बारीक चिरा दिसायला लागतात. ऑगस्टमध्ये सेल लागला म्हणून घेतली असेल तर घ्या, पण ठोका ऑक्टोबरच्या शेवटाला.

टो, म्हणजे बॅटची खरी कमजोर जागा

मघाशी म्हटलं ना, क्लेफ्टची टोकं मेणात बुडवतात. बॅटचा टो म्हणजे तेच उघडं टोक. लाकडाच्या नळ्या तिथे तोंड वासून उभ्या असतात आणि पाणी फेसमधून जितकं आत जातं त्याच्या कितीतरी पट वेगाने टो मधून वर चढतं. डिसेंबर-जानेवारीत लाइट्सखाली टेनिस बॉल टुर्नामेंट असते तेव्हा रात्री नऊनंतर दव पडतं, भात कापलेल्या शेतात पिच केलेलं असेल तर विचारूच नका, आणि आपण क्रीजमध्ये उभं राहून टो आपटत राहतो ते ओल्या मातीतच. सकाळी नऊच्या लेदर मॅचला पण तेच, पर्वरी असो की मडगावचं आर्लें, पहिला तासभर गवत ओलं असतं. टो ने पाणी प्यायलं की तो फुगतो, खालून बघितलं तर मधे पोट आल्यासारखा दिसतो, आणि सुकताना फाटतो.

उपाय स्वस्त आहे. टो गार्ड लावून घ्या, पण लावायच्या आधी टो पूर्ण सुकलेला हवा, नाहीतर आत पाणी कोंडून तुम्हीच बुरशीला घर बांधून देता. टो बारीक पॉलिशपेपरने घासा, पारदर्शक पीयू वॉर्निशचे दोन पातळ हात द्या, वाळू द्या, मग रबरी गार्ड अराल्डाइटने चिकटवा, कडा घासून सारख्या करा. दर सीझनला गार्डची कड उचकटलीय का बघा, कारण उचकटलेल्या गार्डच्या फटीत पाणी बसून राहतं. मॅचमध्ये ओव्हर संपली की टो पँटला पुसायचा, ही सवय लावून घेतली तर निम्मं काम तिथेच होतं.

पावसाळ्यातली राखण

सीझन संपला, मेचा शेवटचा आठवडा, की बॅट स्वच्छ करा. माती, लाल बॉलचे डाग सुक्या कपड्याने किंवा अगदी बारीक पॉलिशपेपरने काढा, पाणी लावू नका. ग्रिप काढून ठेवली तर उत्तम, ग्रिपखाली घामाचा ओलावा अडकतो आणि तिथला दोरा काळा पडतो. काढलीच तर वजनाच्या नोंदीत तसं लिहा.

ठेवायची कुठे? घरात ज्या खोलीत एसी रोज चालतो ती जागा नंबर एक, एसी हवा कोरडी करतो, त्या खोलीत लाकूड 10-12 टक्क्यांवर आरामात राहतं. मात्र एसीच्या थेट झोताखाली नको, एक बाजू आधी सुकली की ब्लेड वाकते. एसी नसेल तर आतल्या भिंतीजवळच्या कपाटात, बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला लागून नाही, जमिनीवर तर नाहीच, आडवी दोन लाकडी पट्ट्यांवर. माळ्यावर टाकायची आयडिया वाईट, कौलांखाली मे महिन्यात भट्टी आणि जुलैमध्ये ओल, दोन्ही मिळतं. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणारे पण आहेत, त्यात सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या टाकल्या आणि त्या दर पंधरा दिवसांनी सुकवून परत घातल्या तर चालतं, नुसतीच बांधली तर आतली ओल आतच राहते. मी म्हणेन सुती कव्हर बरं, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून पंख्याखाली तासभर.

पावसात नेट्स चालू असतील तर इनडोअरला जुनी बॅट न्या. आणि ओल्या लेदर बॉलवर मॅचची बॅट काढूच नका, भिजलेला बॉल जड होतो आणि ओल्या लाकडावर तो हातोडीसारखाच पडतो.

एवढं करूनही भिजलीच, समजा जूनच्या पहिल्या सरीत मैदानातून पळताना कव्हरसकट भिजली, तर लगेच कपड्याने पुसा, ग्रिप आणि गार्ड काढा, आणि सावलीत आडवी ठेवून पंखा लावा. आठवडा, दोन आठवडे, जितके लागतील तितके. ऊन नको, हेअर ड्रायर नको, गॅसजवळ तर नकोच नको, बाहेरचा थर पटकन आकसतो आणि आतला ओला असतो, त्या ओढाताणीत ब्लेड फाटते. वजन दोन-तीन दिवसांनी मोजत राहा, आकडा उतरायचा थांबला आणि पायाच्या दहा ग्रॅमच्या आत आला की समजा तयार. काळे ठिपके, बुरशी दिसली तर सुक्या ब्रशने झाडून पॉलिशपेपर मारा, वरवरची असेल तर खेळण्यावर काही फरक नाही.

हलकी बॅट घेताना जरा थांबा

मोठमोठ्या एजेस, फुगलेली पाठ, आणि वजन 2 पाउंड 7 औंस, अशी बॅट बघून कोणाचंही मन डोलतं. नियमाने एज 4 सेंटीमीटर आणि जाडी 6.7 सेंटीमीटरच्या वर नेता येत नाही, 2017 पासून, तरी त्या मर्यादेला टेकलेली बॅट इतक्या कमी वजनात बसवायची तर लाकूड मुळातच खूप हलक्या जातीचं निवडावं लागतं, जे महाग आणि कमी मिळतं, किंवा ते जास्त सुकवावं लागतं. दुसरा रस्ता सोपा आहे म्हणून काही जण तोच धरतात. अशी जास्त सुकवलेली बॅट दोन बाजूंनी फसवते, आल्या-आल्या खेळली तर ठिसूळ असते, आणि गोव्यात दोन-तीन महिने राहिली की पाणी पिऊन 2-8 किंवा 2-9 होऊन बसते. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडून मागवत असाल तर तुम्हाला हवी त्यापेक्षा अर्धा औंस हलकी मागवा, एक-दीड औंस नाही, आणि पार्सल उघडलं त्याच दिवशी वजन लिहून ठेवा. महिन्याभरात 25 ग्रॅम वाढली तर ती किती सुकवलेली होती ते तुम्हाला कळलं, पुढच्या वेळी त्या दुकानाकडून घ्यायची की नाही ते ठरवा.

चिरांचं शेवटचं सांगतो. फेसवर ग्रेनच्या दिशेने केसासारख्या बारीक रेषा येणं नॉर्मल आहे, कुठलीही खेळणारी बॅट अशी होतेच, त्याला घाबरून बॅट बदलू नका. एजला चीर गेली असेल तर ब्लेड सुकी असताना पातळ फेव्हिक्विक चिरेत सोडा, दाबून धरा, मग फायबर टेप गुंडाळा. टो चा तुकडा सुटला तर लाकडाचा गोंद लावून क्लॅम्पमध्ये एक दिवस. ओल्या लाकडावर यातलं काहीही धरत नाही, त्यामुळे रिपेअरला देण्याआधी पण वजन बघा, आणि रिपेअरवाल्याने ओली असतानाच चिकटवून दिली तर दुसऱ्या मॅचला परत सुटणार हे धरूनच चला. चीर आडवी गेली असेल, म्हणजे ग्रेन तोडून, किंवा हँडल स्प्लाइसमध्ये हलायला लागलं असेल तर घरी हात लावू नका, चांगल्या बॅटवाल्याकडे द्या, नवीन हँडल बसवून घेणं नवीन बॅटपेक्षा स्वस्त पडतं आणि ब्लेड चांगली असेल तर ते पैसे वसूल होतात.